कावा, गावा आणि घोड नदी

जपानी भाषेत नदीला ‘कावा’ म्हणतात. मराठी कानावर हा शब्द पहिल्यांदा पडतो तेव्हा नदी काही डोळ्यांपुढे येत नाही, गनिमी कावा येतो. त्यात ऐकणारा मंचरचा, शिवनेरीच्या मुलखात वाढलेला, मग तर बोलायलाच नको. शेजारच्या मुलाने मला हा शब्द सांगितला तेव्हा माझंही तेच झालं. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. पाळी संपवून आला की जपानीची वही उघडतो. फ्रिजपासून कोठीच्या दारापर्यंत सगळीकडे त्याने चिठ्ठ्या डकवल्या आहेत. कॅलेंडरवरच्या नदीच्या चित्राशेजारी तीन उभ्या रेघा काढल्या आहेत. डावीकडची खाली येता येता किंचित बाहेर वळते, मधली आखूड, उजवीकडची सरळ आणि लांब. झाली नदी. ‘काका, गनिमी सोडा, नुसता कावा धरा,’ असं त्याने मला बजावलं.

असे योगायोग त्या भाषेत बरेच सापडतात. ‘माची’ म्हणजे वस्ती, छोटं शहर. आपली माची गडाच्या अंगावर असते आणि तिच्यावरही कधीकाळी वस्तीच असायची. ‘मोरी’ म्हणजे रान. इथे आपल्याला हसू आवरत नाही. ‘ताकी’ म्हणजे धबधबा, आणि आपली टाकी भरून वाहायला लागली की तोही अर्थ बसतो. शिकणाऱ्याने अशा जुळण्यांचा पाठांतरासाठी बिनदिक्कत उपयोग करावा. मात्र आपल्याकडे एक जमात अशी आहे की तिला दोन शब्द सारखे दिसले की ती लगेच वंशावळ काढायला बसते, आणि संध्याकाळपर्यंत जपानी ही संस्कृतची मावसबहीण ठरलेली असते. माचीचा माचीशी काही संबंध नाही. मोरीचा तर नाहीच नाही.

भारतातून तिकडे खरोखर काय गेलं, ते यापेक्षा जास्त नवलाचं आहे. जपानी अक्षरांचा तक्ता उघडला की मराठी मुलाला तो ओळखीचा वाटतो. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्याकडची टवर्गाची आणि महाप्राणांची ओळ तिथे नाही, पण बाकी क्रम आपलाच. ‘च’च्या जागी ‘स’ बसला आहे आणि ‘प’च्या जागी ‘ह’, कारण जुन्या जपानीत ते उच्चार वेगळे होते आणि ‘ह’च्या ओळीत एकेकाळी ‘प’च होता. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी सिद्धम् लिपी अभ्यासली, तिच्याबरोबर कंठापासून ओठांकडे जाणारी वर्णांची मांडणी त्यांच्या हाती आली आणि पुढे त्यांनी आपली अक्षरं तशी लावली. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला, त्याच्या पंथाने या विद्येला जपानात मोठी जागा मिळवून दिली. आजही जपानी स्मशानात थडग्यामागे ज्या उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांवर सिद्धम् अक्षरं असतात आणि त्या फळीला ‘सोतोबा’ म्हणतात. सोतोबा म्हणजे आपला स्तूप. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात दगडात कोरलेला पाहायला मिळतो तोच. शब्द गेले ते असे, धर्माचं बोट धरून आणि मोजके. नदी, डोंगर, रान यांना लागणारे शब्द कोणी कोणाकडून सहसा आणत नाही. ते ज्याचे त्याच्या जमिनीवर आधीच उगवलेले असतात.

शेजारच्या मुलाच्या वहीत या सगळ्याला जागा नाही, आणि नसावीच. त्याला परीक्षा द्यायची आहे. जपानी भाषेची ही जागतिक परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. सगळ्यात खालची एन-पाच, वरची एन-एक. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत सहकार्याचा करार झाला. शेती, वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम अशा कामांसाठी जाणाऱ्याला साधारण एन-चारइतकी भाषा यावी लागते. त्यामुळे जपानी आता पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटपुरती राहिलेली नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गाडिवाट गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना २०२० साली कोणती परकी भाषा शिकायची असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी जपानीचं नाव घेतलं. कारण काय, तर यंत्रमानव तिथे बनतात. कारण ऐकून मोठी माणसं हसली असतील. मला ते कारण अगदी पटतं.

एन-पाच या पहिल्या पातळीच्या यादीत भूगोलाचे जे चारदोन शब्द येतात, त्यांत यामा आणि कावा, डोंगर आणि नदी, हे सगळ्यांत आधी. यादीत ते एकाखाली एक, एकटे उभे असतात. जमिनीवर मात्र ‘कावा’ सहसा एकटा भेटत नाही. तो कोणाच्या तरी नावाला चिकटलेला असतो आणि चिकटला की बऱ्याचदा त्याचा ‘गावा’ होतो. एदो आणि कावा मिळून एदोगावा. तामा आणि कावा मिळून तामागावा. शिकणाऱ्याची पहिली अडचण ही. वहीत कावा लिहिलं, नकाशात गावा दिसतं.

मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्याला याचं भय वाटायचं कारण नाही. दिक् आणि गज मिळून दिग्गज होतो, वाक् आणि ईश्वरी मिळून वागीश्वरी होते. क चा ग होणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. फरक इतकाच की आपल्याकडे पुढचा वर्ण मागच्याला बदलतो, तर जपानीत समासातल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. खरी गंमत समासाच्या प्रकारात आहे. यामा आणि कावा हे दोन शब्द जोडून ‘यामाकावा’ म्हटलं, तर अर्थ होतो डोंगर आणि नद्या. तेच ‘यामागावा’ म्हटलं, तर अर्थ होतो डोंगरातली नदी. म्हणजे द्वंद्व समास असला तर क शाबूत, तत्पुरुष असला की क चा ग. लिहायची चिन्हं दोन्हींकडे तीच. आपल्याकडे विग्रह केल्याशिवाय समास कळत नाही म्हणून मुलं गुण घालवतात. तिथे जीभच विग्रह करून मोकळी होते. आठवीच्या वर्गात द्वंद्व आणि तत्पुरुष शिकवताना मला हे उदाहरण माहीत असतं, तर तास जरा बरा गेला असता.

हा बदल कधी होत नाही, याचा एक नियम आहे, आणि त्याला नाव मिळालं आहे एका अमेरिकन भूशास्त्रज्ञाचं. बेंजामिन स्मिथ लायमन हा खाणींचा जाणकार. १८७० साली तो पंजाबात खनिज तेलाची पाहणी करायला आला होता, इंग्रज सरकारच्या कामावर. तिथून पुढे जपान सरकारने त्याला बोलावलं आणि १८७३ पासून त्याने होक्काइदो बेट पालथं घालून कोळशाचे साठे नकाशावर आणले. डोंगरनद्यांची नावं विचारत हिंडणाऱ्या या माणसाच्या कानाला क आणि ग यांचा खेळ जाणवला असणार. १८९४ साली त्याने त्यावर लेख लिहिला. दुसऱ्या शब्दात आधीच एखादा ग, ज, द, ब यांसारखा वर्ण असेल तर त्याचं पहिलं अक्षर बदलत नाही, असा तो नियम. जपानी पंडित मोतोओरी नोरिनागा याच्या ध्यानात हे शंभर वर्षं आधी आलं होतं, पण नाव लागलं लायमनचं. नेहमीचं उदाहरण देतात ते ‘यामाकाजी’. काजी म्हणजे आग. तिच्यात ‘ज’ आहे, म्हणून ‘यामागाजी’ होत नाही. यामाकाजी म्हणजे डोंगराची आग. आपला वणवा. मार्च-एप्रिलमध्ये रात्री जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांवर तांबडी माळ सरकताना ज्याने पाहिली आहे, त्याला हा शब्द पुन्हा सांगावा लागत नाही.

नियम असले तरी नद्या त्यांना फार जुमानत नाहीत. एदोगावा होतो, पण तोक्योतूनच वाहणारी आराकावा आराकावाच राहते. होक्काइदोतल्या आसाहिकावा शहराचं नाव ‘कावा’, पण तिथलं रेल्वे स्टेशन १९०५ पासून १९८८ पर्यंत ‘आसाहिगावा’ या नावाने चालत होतं. गाव एक म्हणतंय, रेल्वे दुसरं, आणि ऐंशीहून अधिक वर्षं कोणाचं काही अडलं नाही. आपल्या एसटीच्या पाट्या आठवल्या की बरं वाटतं.

आता या ‘ग’बद्दल एक गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय लिहायला घेतला. आपल्या व्याकरणात क, ख, च, छ हे कठोर वर्ण आणि ग, घ, ज, झ हे मृदू वर्ण. जपानी लोक त्याच दोन गटांना निर्मळ आणि गढूळ म्हणतात. क निर्मळ, ग गढूळ. लिहितानाही ‘का’च्या अक्षराला उजवीकडे वर दोन बारीक फराटे दिले की ‘गा’ होतो, आणि त्या फराट्यांचं नाव ‘दाकुतेन’, म्हणजे गढूळपणाची खूण. जपानात पुलाच्या टोकांना चार खांब असतात आणि त्यांवर पाट्या. पुलाचं नाव चिन्हांत, तेच सोप्या अक्षरांत, नदीचं नाव आणि पूल कधी बांधला ती तारीख. या पाट्यांवर नदीचं नाव सोप्या अक्षरांत लिहिताना अनेक ठिकाणी ते दोन फराटे मुद्दाम गाळतात. लोक बोलताना ‘गावा’ म्हणतात, पाटीवर असतं ‘कावा’. का, तर नावात गढूळपणा आला तर पाणी गढूळ होईल, पूर येईल. निदान तसं सांगतात. अभियंते, ठेकेदार, पोलाद आणि काँक्रीट यांचा हिशेब करून उभारलेल्या पुलावर दोन फराट्यांची ही काळजी! मंचरहून नारायणगावकडे जाताना कळंबजवळ घोड नदीवरचा पूल लागतो. जुलैत त्याच्याखालून जाणारं पाणी पाहिलं की गढूळ या शब्दाला दुसरं व्याकरण लागत नाही. तांबूस, फेसाळ, मध्येच एखादं मुळासकट आलेलं झुडूप फिरत फिरत जाणारं.

घोड नदी पाहत मोठं झालेल्या माणसाच्या मनात ‘कावा’ हा शब्द प्रथम घोडच होऊन बसतो. त्याला इलाज नाही. शब्द रिकामा शिकता येत नाही, त्यात घरचं काहीतरी भरावंच लागतं. पण तिथेच थांबलं तर शब्द अर्धा राहतो. घोड उगवते आहुप्याच्या परिसरात, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली मुरबाडचा मुलूख आणि त्यापलीकडे कोकण. समुद्र पश्चिमेला, तसा जवळच. नदी मात्र त्याला पाठ दाखवून पूर्वेकडे निघते. डिंभे, घोडेगाव, कळंब करत शिरूरच्या बाजूला जाते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि आहुप्याचं पाणी आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला लागतं. जपानी नदीला हा उद्योग परवडणारा नाही. तिथली सगळ्यांत लांब नदी शिनानो ३६७ किलोमीटरची. एकटी भीमा तिच्या दुपटीहून लांब. डोंगर मधोमध, समुद्र दोन्ही अंगांना, त्यामुळे नद्या आखूड, उताराच्या आणि तापट. पाऊस पडला की फुगणार, थांबला की उतरणार. घोडही तशी फुगते, पण ती ओसरल्यावर पुढे महिनोन्‌महिने तिच्यात जे पाणी दिसतं ते धरणाच्या मेहेरबानीचं असतं. मंचरच्या बाजाराला ‘नदीला पाणी आलं’ असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्न ठरलेला: पावसाचं की आवर्तनाचं? डिंभे धरणाचं आवर्तन सुटलं, केटी बंधाऱ्याचे ढापे काढले, ढापे टाकले, ही इथल्या नदीची क्रियापदं. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या ‘नदी वाहते’ या वाक्यात ती बसत नाहीत.

एदोगावा ही तर आणखी निराळी. ती तोने नदीपासून फुटते, सुमारे ६० किलोमीटर जाते आणि तोक्योच्या आखातात पडते. पण तोने नदीचं तोंडच मुळात वळवलेलं आहे. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीत ती पूर्वेकडे नेली, कारण तिच्या पुराने एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो, धोक्यात येत होतं. शेजारच्या आराकावाला १९१० साली मोठा पूर आला, मग माणसांनी तिच्यासाठी नवा पाट खणला. त्यात १९२४ साली पाणी सोडलं आणि काम १९३० पर्यंत चाललं. आज नकाशात जी रुंद आराकावा दिसते ती हाच खणलेला पाट. शब्दयादीतली तीन रेघांची नदी निसर्गाची वाटते. तोक्योत ती बरीचशी मजुरांची आहे.

या एदोगावा नदीवरून तोक्योतल्या एका विभागाला एदोगावा हेच नाव पडलं आहे. तिथल्या निशिकासाई भागात भारतीय कुटुंबं इतकी राहतात की गणपती, दिवाळी तिथे बिनबोभाट होतात. एप्रिल २०१९ मध्ये या विभागाच्या परिषदेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. मराठी माणूस, आणि जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतीय वंशाचे पहिले. नदीचंच नाव गावाला, ही पद्धत आम्हाला परकी नाही. शिरूरला अजूनही जुनी माणसं घोडनदी म्हणतात. ‘घोडनदीला जाऊन आलो’ म्हणजे नदीवर नव्हे, शिरूरच्या बाजारात. आणि वर, डोंगराच्या अंगाला, नद्या खोऱ्यांच्या नावात मुरल्या आहेत. मीना नदीचं मीननेर, कुकडीचं कुकडनेर, घोडीचं घोडनेर, भीमेचं भीमनेर, भामेचं भामनेर. पुण्याच्या बाजूला ज्याला मावळ म्हणतात, त्याला जुन्नरकडे नेर. जपानी नदी नावाच्या शेवटी येऊन बसते. आमची नावाच्या सुरुवातीला. आज तालुक्यातल्या पोराला मीननेर विचारलं तर तो एखाद्या मंगल कार्यालयाचं नाव समजेल. वहीत दहा जपानी शब्द उतरवणाऱ्याने अकरावा शब्द घोडनेर हा लिहावा, असं मी त्या मुलाला सुचवून पाहिलं. त्याने लिहिला. कंसात प्रश्नचिन्ह घातलं.

नावं मागे राहतात आणि जमीन जाते, हेही दोन्हीकडे घडलं आहे. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, आणि ज्याचं नाव तालुका मिरवतो ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं, याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गडी, जो १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीखाली गेला. तोक्योजवळ तामा नदीवर १९५७ साली ओगोची धरण पूर्ण झालं. ओगोची हे बुडालेल्या गावाचं नाव. त्या नावाची फोड केली तर ‘लहान नदीच्या कुशीतलं’ असा अर्थ निघतो: ओ म्हणजे लहान, मग कावा, मग उचि म्हणजे आत. कावा आणि उचि एकमेकांत इतके मुरले की ‘गोची’ झाला आणि नदी कानाला ऐकू येईनाशी झाली. तिथून ९४५ कुटुंबं उठवली गेली, आणि पाणी गेलं तोक्योच्या नळांना. आमच्याकडचं पाणी निदान शेताला जातं, कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी डिंभे एक. पण कोणत्या तालुक्याच्या शेताला किती, यावरून उन्हाळ्यात वातावरण काय तापतं ते इथल्या पुढाऱ्यांना विचारा. विस्थापिताला पाणी कुठे गेलं याने फारसा फरक पडत नाही, हेही खरंच.

भूगोलाचे शब्द असे संथपणे शिकायला मला आवडतं. पण जपानला निघालेल्या पोरांकडे इतकी सवड नसते आणि त्यांच्या बाबतीत या शब्दांचा दुसराच हिशेब आहे. एदोगावा विभागाची बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली. मे २०१९ मध्ये विभागाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर, विभागाच्याच चित्रावर, लिहिलेलं होतं: इथे थांबू नका. मोठा पूर आला तर विभागाबाहेर निघून जा, असं नगरपालिकाच रहिवाशांना सांगत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबीस वादळ आलं. आपल्याकडे अशी पुस्तिका कोणी छापली असती तर जमिनीचे भाव पडले म्हणून मोर्चा निघाला असता.

आणि डोंगर. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्या तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने, कारण रोजच्या वळणावरून गाडी नेताना त्याला गाव दिसेना. नंतर चर्चा झाली ती उतारावरच्या सपाटीकरणाची, पावसाच्या मिलिमीटरची, पुनर्वसनाची. नवं माळीण २०१७ साली उभं राहिलं. भेग पडली, जमीन खचली, ओढ्याचं पाणी अचानक तांबडं आलं, ही वाक्यं पश्चिम पट्ट्यातल्या माणसाच्या तोंडी आधीपासून होती. त्या वाक्यांनंतर काय करायचं, ते मात्र कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. जपानने या बाबतीत फार कष्ट घेतले आहेत, आणि तेही ठेचा खाऊन.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेचा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसं मेली. सूचना दिल्या जात होत्या, पण त्या भागात राहणाऱ्या अनेक परदेशी लोकांना त्या कळल्याच नाहीत. स्थलांतर, उंचवटा यांसारखे सरकारी, चिनी वळणाचे जड शब्द त्यांनी कुठल्याच वर्गात शिकले नव्हते. मग हिरोसाकी विद्यापीठातले भाषाभ्यासक कामाला लागले आणि ‘सोपी जपानी’ नावाची एक पद्धत तयार झाली. संकटात द्यायची सूचना पहिल्या दोन पातळ्यांच्या शब्दांत बसली पाहिजे, असा तिचा आग्रह. ‘उंचवट्यावर स्थलांतर करा’ऐवजी ‘ताकाई तोकोरो’कडे ‘निगेते’. उंच जागेकडे पळा. पुढे नगरपालिकांनी आणि आकाशवाणी-दूरदर्शनने ती उचलली. हे कळल्यापासून एन-पाचच्या यादीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ती लहान मुलांची यादी वाटते, पण पाणी चढू लागल्यावर ध्वनिक्षेपकावरून तीच ऐकू येणार असते.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी जपानीचे वर्ग घेणाऱ्यांना एक विनंती. कावा शिकवाल त्याच दिवशी ‘आफुरेरु’ शिकवा, म्हणजे नदी काठ सोडते. यामा शिकवाल त्याच दिवशी ‘कुझुरेरु’ शिकवा, म्हणजे डोंगर ढासळतो. घोडचा पूर आणि माळीणचा उतार पाहिलेल्या पोरांना या दोन क्रियापदांचा अर्थ समजावत बसावं लागणार नाही. नदी फुगली तर उंच जागी, डोंगर हलला तर उतारापासून दूर, एवढं वाक्य त्यांच्याकडून जपानीत दहादा म्हणवून घ्या. परीक्षेत ते येईलच असं नाही.